परवाना एकाचा, बंदूक घराची

आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून बंदुकीच्या परवानाधारकांना निरोप जातात. २०२४ सालात ते दोनदा गेले, लोकसभेसाठी मार्चमध्ये आणि विधानसभेसाठी ऑक्टोबरमध्ये. नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या आखाडा बाळापूरसारख्या ठाण्यात अशा वेळी जुन्या धोतरात नाहीतर रेक्झिनच्या पिशवीत गुंडाळलेली लांबडी वस्तू मोटरसायकलवर आडवी धरून माणसं येतात. बंदुकीचा नंबर परवान्याच्या पुस्तिकेशी ताडला जातो, नळी मोडून आत काही नाही ना ते पाहिलं जातं, दस्त्याला चिठ्ठी बांधली जाते, पावती मिळते. निकाल लागून आचारसंहिता उठली की पावती दाखवायची आणि बंदूक घरी न्यायची. सरसकट सगळ्यांच्या जमा करू नयेत, कोणाची घ्यायची ते छाननी समितीनं ठरवावं, असा दंडक आहे. तो पाळला गेला नाही म्हणून लोक कोर्टातही गेले आहेत, कारण बंदूक जमा करणं म्हणजे चारचौघांत मान खाली जाणं, असं मानणारे परवानाधारक कमी नाहीत.

ही सगळी धावपळ मतदारासाठी आणि उमेदवारासाठी. पण त्या दिवसांत आणखी कोणाचं तरी भलं होतं आणि त्याची नोंद कुठल्याही रजिस्टरात होत नाही. त्या घरातलं आठ-दहा वर्षांचं लेकरू तेवढे दिवस बंदुकीपासून खऱ्या अर्थानं लांब असतं. एरवी ते किती लांब असतं, हा प्रश्न आपल्याकडे दुर्घटना झाल्यावरच विचारला गेला आहे.

बंदुकीचा परवाना शिधापत्रिकेसारखा कुटुंबाचा नसतो. फोटो एकाचा, सही एकाची, पोलीस पडताळणी एकाची. बंदूक मात्र एकदा उंबऱ्याच्या आत आली की घराची होते. मोठ्या भावाच्या नावची बंदूक धाकटा भाऊ जागलीला घेऊन जातो. साफ करताना तेलाची बाटली धरायला नातू बसतो. काडतुसं कुठल्या डब्यात आहेत हे सुनेला माहीत असतं, कारण डबा तिनंच ठेवलेला असतो. गेल्या पाऊणशे वर्षांचा मागोवा घेतला तर कागदावरचा तो एक माणूस आणि घरातली ही सगळी माणसं यांच्यातली फट कायद्यानं नीट बुजवली नाही आणि घरांनी ती फट आहे असंच मानलं नाही, हे पुन्हा पुन्हा दिसतं.

हिंगोलीला बंदूक नवी नाही. हैदराबाद कंटिंजंटची छावणी इथं होती. १९०३ मध्ये ते दल हिंदुस्थानी सैन्यात विलीन झालं आणि छावणी गेली. गावोगावच्या बंदुका वेगळ्या. त्या गढीवरच्या देशमुखाकडे, पाटलाकडे, जहागीरदाराकडे असत आणि त्यांचा उपयोग डुकरापेक्षा दराऱ्यासाठी जास्त. मग १९४७-४८ चा काळ आला. रझाकारांच्या हातात बंदुका, आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात, उमरखेडसारख्या ठिकाणी निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे तळ. वसमत भागातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे याच लढ्यात हुतात्मा झाले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची फौज शरण आली आणि हत्यारं जमा होऊ लागली. जमा न झालेल्या बंदुका विहिरीत टाकल्या, कडब्याच्या गंजीत लपवल्या, याच्या गोष्टी अजून पारावर ऐकायला मिळतात. सांगणाऱ्याचं वय वाढतं तशा त्या बंदुकाही वाढतात.

आज आपण ज्याला शस्त्र कायदा म्हणतो तो १९५९ चा. १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्याचा हेतू प्रजेला निःशस्त्र ठेवणं हा होता, आणि त्याविरुद्ध काँग्रेसनं वर्षानुवर्षं ठराव केले होते. स्वतंत्र देशाचा कायदा थोडा सैल असावा, अशी अपेक्षा होती. त्याच्या तेराव्या कलमात एक ओळ थेट शेतकऱ्यासाठी आहे. निदान वीस इंची नळीची साधी बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल, अथवा ठासणीची बंदूक खरोखर पीक राखण्यासाठी हवी असेल, तर परवाना द्यावा, असं ते कलम सांगतं. दिल्लीत कायदा लिहिणाऱ्यांना ज्वारीतलं डुक्कर ठाऊक होतं म्हणायचं.

ठासणीची बंदूक ज्यानं हाताळली आहे त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : ती भरायला वेळ लागतो आणि रिकामी करायला त्याहून जास्त. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि दर वेळी गजानं ठासायचं. घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो आणि ठिणगी आत जाते. आता रात्रभर डुकरं आलीच नाहीत, तर उजाडल्यावर करायचं काय? काडतुसाच्या बंदुकीची नळी मोडली की काडतूस हातात येतं. इथं भरलेला बार काढायचा सोपा मार्ग एकच, उडवून टाकणं. दारू आणि छर्ऱ्यांना पैसे पडतात. म्हणून माणूस टोपी तेवढी काढून खिशात घालायचा आणि आत बार तसाच असलेली बंदूक घरी आणून खुंटीला टांगायचा. टोपी काढली म्हणजे बंदूक 'रिकामी', अशी घरातल्या सगळ्यांची समजूत. टोप्यांची डबी कोनाड्यात. त्या टोप्या दिवाळीतल्या टिकल्यांच्या जातीच्याच, आपटल्या की फट् करणाऱ्या, आणि लेकरांना ते न सांगता कळायचं. टोपी, घोडा आणि लहान मूल एका जागी यायला फार काही घडावं लागत नसे. खाली एक मोडा नाहीतर उतरंड असली की पुरे.

कायद्यात वयाची अट होती. मुळात सोळा वर्षं. १९८३ च्या दुरुस्तीनं ती एकवीस झाली. त्याहून लहान माणसानं बंदूक विकत घ्यायची नाही, बाळगायची नाही, त्याला ती विकायची नाही. म्हणजे लहानांनी काय करू नये ते स्पष्ट होतं. मोठ्यानं ती घरात ठेवायची कशी, भरलेली की रिकामी, काडतुसं शेजारी की वेगळी, यावर कायदा पुढची कित्येक वर्षं जवळजवळ गप्पच होता. परवान्याच्या पुस्तिकेमागच्या अटी बारीक टाइपात असत आणि त्या वाचलेला परवानाधारक दाखवणाऱ्याला तो सांगेल ते बक्षीस मी देईन.

खंडेनवमीला बंदूक खाली येते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली हत्यारं पुजायची रीत आहे. पाटावर विळा, कुऱ्हाड, एखादी जुनी तलवार आणि बंदूक. नळीला हळदकुंकवाची बोटं, दस्त्यावर झेंडूची माळ. वर्षभर 'हात नको लावू' म्हणून दटावलेलं लेकरू त्या दिवशी तिला वाकून नमस्कार करतं, आणि नमस्कार करताना हात लागतोच. पूजेला माझा विरोध नाही. पूजेआधी नळी मोडून आत बघणारा एखादा आज्जाही मी पाहिला आहे. पण घरातल्या मुलाला बंदुकीबद्दल दोनच गोष्टी शिकवल्या जात होत्या, भीती आणि भक्ती. त्या यंत्राचं काम कसं चालतं आणि ते कधी धोक्याचं असतं, हे कोणी शिकवत नव्हतं. भीती आणि भक्ती एकत्र झाल्या की कुतूहल मरत नाही, उलट दुपारची वाट बघत बसतं.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार हळूहळू संपली. निदान उजळ माथ्यानं करायची शिकार संपली. बंदूक राहिली. मग सुरू झाला वारशाचा काळ, आणि मला वाटतं मराठवाड्यातल्या बंदुकांचा सगळ्यात दुर्लक्षित धोका इथंच आहे. परवानाधारक म्हातारा होतो, दृष्टी जाते, नूतनीकरणाला जिल्ह्याच्या गावी जायचं राहून जातं. परभणी जिल्हा होता तोवर बाळापूरहून ते लांबच होतं. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि अंतर कमी झालं, कंटाळा मात्र तेवढाच राहिला. म्हातारा गेला की परवाना त्याच्याबरोबर संपतो आणि बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. मग वारसानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा. २०१६ च्या शस्त्र नियमांनी वाट थोडी सोपी केली : परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगून झाली की हयातीतच ती वारसाला देता येते. प्रत्यक्षात दहाव्याला, तेराव्याला, जमिनीच्या फेरफाराला सगळ्यांची धावपळ असते. बंदूक आठवते ती वर्ष-दोन वर्षांनी, आणि तेव्हा जमा करायला गेलं तर 'इतके दिवस काय करत होता?' असं विचारतील, या भीतीनं ती आणखी आत सरकवली जाते. धान्याच्या कोठीमागे, माळ्यावर, भंगारात. आता ती कोणाचीच नसते. तिच्यात बार आहे की नाही हे ज्याला माहीत होतं तो माणूस गेलेला असतो. सुट्टीत माळ्यावर चढणारी नातवंडं तेवढी असतात.

या सहस्रकात बंदुकीचं रूपच बदललं. एकनळी-दुनळी मागे पडली आणि पिस्तूल-रिव्हॉल्व्हर पुढं आलं. शेतासाठी पिस्तूल कोणी घेत नाही. प्लॉटिंग, ठेकेदारी, वाळू, राजकारण, खंडणीची भीती ही त्याची कारणं. ५ एप्रिल २०२२ ला नांदेडमध्ये बांधकाम व्यावसायिक संजय बियाणी यांची त्यांच्या घरासमोर गोळ्या घालून हत्या झाली. तेव्हापासून आमच्या भागातल्या व्यापाऱ्यांच्या बोलण्यात परवान्याचा विषय जितका आला तितका त्याआधी कधी आला नव्हता. बीडमध्ये तर डिसेंबर २०२४ मधल्या मस्साजोगच्या सरपंच हत्येनंतर परवान्यांची यादीच चव्हाट्यावर आली. एका जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने निघाले आणि प्रशासनाला त्यातले शेकडो रद्द करावे लागले. यातले किती जीव वाचवण्यासाठी आणि किती कंबरेला लावून लग्नात मिरवण्यासाठी होते, ते बीडकरांना वेगळं सांगायला नको.

मुलांच्या बाजूनं पाहिलं तर लांब बंदूक आणि पिस्तूल यांत फार अंतर आहे. दुनळी पेलायला ताकद लागते, तिची नळी मुलाच्या हातापेक्षा लांब, ती लपवायला जागा लागते. पिस्तूल टेबलाच्या खणात मावतं, उशीखाली मावतं, गाडीच्या कप्प्यात मावतं, आणि दप्तरातही.

दप्तरातली ही गोष्ट देशानं पहिल्यांदा ठळकपणे पाहिली ती ११ डिसेंबर २००७ ला, गुरगावच्या एका इंटरनॅशनल स्कूलमध्ये. आठवीतल्या दोन मुलांनी वर्गमित्राला गोळ्या घातल्या; पिस्तूल त्यातल्या एकाच्या वडिलांचं, परवान्याचं. २०१६ मध्ये पठाणकोटला पंधरा वर्षांच्या मुलानं सेल्फीसाठी वडिलांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या डोक्याला लावलं आणि चाप ओढला गेला. जानेवारी २०१८ मध्ये हरियाणातल्या यमुनानगरला बारावीच्या विद्यार्थ्यानं मुख्याध्यापिकेवर गोळ्या झाडल्या. हत्यार पुन्हा बापाचं, परवान्याचं. २०२२ मध्ये लखनौत सोळा वर्षांच्या मुलानं आईला मारलं. वडील नोकरीवर परराज्यात आणि त्यांचं पिस्तूल घरात. ३१ जुलै २०२४ ला बिहारमधल्या सुपौल जिल्ह्यात नर्सरीतलं पोर पिस्तूल घेऊन शाळेत आलं आणि त्यानं तिसरीतल्या मुलावर गोळी झाडली. नशिबानं ती हाताला लागली. आपल्याकडे जून २०१९ मध्ये शिर्डीच्या एका हॉटेलात टिकटॉकचा व्हिडिओ करताना गावठी कट्ट्यातून गोळी सुटली आणि सतरा वर्षांचा मुलगा गेला.

यातला शिर्डीचा कट्टा बेकायदा होता. तिथं दोष कोणाचा, हे सांगणं सोपं. गुरगाव, पठाणकोट, यमुनानगरला सगळं कायदेशीर होतं. पोलीस पडताळणी झालेली, चारित्र्य चांगलं, फी भरलेली. ज्याची पडताळणी झाली त्यानं गोळी झाडलीच नाही. माध्यमांनी प्रत्येक वेळी वेगळा गुन्हेगार शोधला : कधी सेल्फी, कधी मोबाइलवरचा खेळ, कधी आजकालची पिढी. कपाटाला कुलूप होतं का, एवढंच विचारायचं राहिलं.

मोठ्यांच्या गोष्टीही याच फटीतून जातात. प्रमोद महाजन यांच्यावर २२ एप्रिल २००६ ला धाकट्या भावानं ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या ते परवान्याचं होतं. शेजारच्या यवतमाळात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री अवनी वाघीण मारली गेली. अधिकृत नेमणूक शिकारी नवाब शफात अली खान यांची होती, गोळी झाडली त्यांच्या मुलानं, आणि राष्ट्रीय व्याघ्र प्राधिकरणाच्या चौकशीनं त्यात शस्त्र कायद्याचाही भंग झाल्याचं म्हटलं. ८ फेब्रुवारी २०२४ ला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली ती मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याच्या पिस्तुलानं. अंगरक्षक ते मालकाच्याच कार्यालयातल्या लॉकरमध्ये ठेवत असे. लॉकर होता, कुलूप होतं, किल्ली मात्र भलत्याच्या हाती होती. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली, ते कपाटात ठेवताना. आणि डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या हिंगोलीत एका पोलीस कर्मचाऱ्यानं सासुरवाडीत जाऊन शासकीय पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. पत्नी गेली, आणि जखमींमध्ये त्याचं लहान लेकरूही होतं. त्याला प्रशिक्षण नव्हतं, असं कोणी म्हणू शकणार नाही.

कायदा अगदीच झोपला होता, असं नाही. २०१६ च्या नियमांनी नव्या अर्जदाराला बंदूक हाताळण्याचं प्रशिक्षण आवश्यक केलं आणि ती सुरक्षित ठेवीन, अशी लेखी हमी घ्यायला सुरुवात केली. २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवान्यावरच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या, वारशाची बंदूकही त्या दोनांतच धरली, आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं केली. लग्नात, मिरवणुकीत बार उडवून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, हेही त्याच दुरुस्तीतलं. पण बापाच्या निष्काळजीपणानं बंदूक मुलाच्या हाती गेली, एवढ्यासाठीचा वेगळा गुन्हा अजून नाही. परवान्याची अट मोडली म्हणून तिसावं कलम लावता येतं. त्याची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. आणि तेही गोळी सुटल्यावर. पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी पोलीस त्या माणसावर गुन्हे आहेत का, हे बघतात. त्याच्या घरात आता दोन लहान मुलं आहेत का, पिस्तूल राहतं ते कपाट कसं आहे, हे बघायला कोणी जात नाही. माझ्या मते त्या पडताळणीतला सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच ठरला असता, आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही, बीट हवालदाराला घरात दोन पावलं आत जावं लागतं इतकंच.

घरांचा यावरचा उपाय एकच आणि सगळीकडे तोच : लपवणं. उंच ठेवलंय, कपड्यांखाली ठेवलंय, किल्ली तांदळाच्या डब्यात आहे. 'आमच्या पोरांना सांगून ठेवलंय, ते हात लावत नाहीत.' २००१ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या 'पेडिएट्रिक्स' या नियतकालिकात अटलांटामधला एक प्रयोग छापून आला. आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलांना दोघा-तिघांच्या गटानं एका खोलीत सोडलं. खणात खरं, पण निकामी पिस्तूल ठेवलेलं. पंधरा मिनिटांत ४८ मुलांना ते सापडलं. ३० जणांनी हाताळलं. १६ जणांनी चाप ओढला. ज्यांनी हाताळलं त्यांतल्या जवळपास सगळ्यांनी आधी सांगितलं होतं की बंदुकीपासून सावध कसं राहायचं ते आम्हाला शिकवलंय. आपली पोरं वेगळी, असं म्हणायची सोय आहे. पण दिवाळीआधी लपवलेले लाडू कोणाच्या घरात कितव्या दिवशी सापडतात, ते प्रत्येकानं आठवावं.

अमेरिकेची स्थिती आपल्यापेक्षा कितीतरी वाईट आहे. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजाप्रमाणे तिथं सामान्य नागरिकांकडे ३९ कोटींवर बंदुका, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. भारतात ७ कोटी ११ लाख, आणि त्यातल्या नोंद असलेल्या जेमतेम ९७ लाख. २०२० पासून अमेरिकेत मुलं आणि किशोरांच्या मृत्यूचं पहिलं कारण अपघात किंवा आजार नसून बंदूक आहे. पण निदान प्रश्न तरी विचारला जाऊ लागला. मूल शेजारच्या घरी खेळायला पाठवताना 'तुमच्या घरात कुलूप नसलेली बंदूक आहे का?' असं विचारा, अशी मोहीमच तिथले बालरोगतज्ज्ञ चालवतात. तिकडे राहणाऱ्या मराठी आयांना हा प्रश्न सुरुवातीला तोंडातून काढवत नाही. जेवायला बोलावणाऱ्याला असलं काही विचारायचं आपल्या वळणात नाही. मग सवय होते. आणि २०२४ मध्ये मिशिगनच्या न्यायालयानं पहिल्यांदाच शाळेत चौघांना मारणाऱ्या मुलाच्या आई आणि बाप दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी तुरुंगात पाठवलं. बापानं ते पिस्तूल घटनेच्या चारच दिवस आधी घेतलं होतं.

सर्बियाचा प्रसंग मला जास्त अस्वस्थ करतो. ३ मे २०२३ ला बेलग्रेडच्या शाळेत तेरा वर्षांच्या मुलानं वडिलांच्या पिस्तुलानं गोळीबार केला; नऊ विद्यार्थी आणि एक सुरक्षारक्षक गेले. पिस्तूल तिजोरीत होतं, पण तिजोरीचा आकडा मुलाला माहीत होता. वडील त्याला नेमबाजीला नेत असत. त्यानंतरच्या माफीच्या मुदतीत लोकांनी लाखावर हत्यारं आणि दारूगोळा सरकारजमा केला.

म्हणजे मुलांनी बंदुकीला हातच लावू नये का? तसंही नाही. आपल्याकडे बारा वर्षांपुढच्या मुलांना कायदा नेमबाजीची वाट देतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे किशोरवयातच क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्यानं कांस्य घेतलं. रेंजवर जाऊन पाहावं. नळी कायम लक्ष्याकडे, गोळी नसताना आत रंगीत फीत खोचलेली, म्हणजे लांबूनही दिसावं की रिकामी आहे. सूचना झाल्याशिवाय कोणी हात लावत नाही. एनसीसीच्या फायरिंगला गेलेल्यांना आठवत असेल, झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या केसही मोजून परत द्याव्या लागत, आणि एक कमी भरली की अख्खी पलटण गवतात ती शोधत बसे. रायफल रात्री कोतात, म्हणजे शस्त्रागारात, कुलपात. तिथं बंदूक कोणाच्याही घरी जात नाही, म्हणून तर मुलांच्या हाती देता येते.

इकडे शिवारात प्रश्न सुटलेला नाही, उलट वाढलाय. सोयाबीनमध्ये डुक्कर, हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगाय. रोही आणि रानडुक्कर मारायला परवानगी देण्याची पद्धत राज्य सरकारनं २०१५ मध्ये ठरवली, पण त्यासाठी अर्ज, पंचनामा, परवानगी, आणि मारायला परवान्याची बंदूक असलेला माणूस हवा. तो आता गावात मिळत नाही. २०१६ मध्ये चंद्रपुरात डुकरं मारायला हैदराबादहून नेमबाज आणावा लागला होता. शेतकरी मग झटका मशीन लावतो, फटाके उडवतो, किंवा बाजारात दोन-अडीचशेला मिळणारी प्लॅस्टिकच्या पाइपची कार्बाइड बंदूक घेतो. छर्रा नाही, गोळी नाही, नुसता आवाज. परवाना नाही, वयाची अट नाही, जमा करायची भानगड नाही. ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत ती मध्य प्रदेशात मुलांच्या हातात गेली. उडाली नाही म्हणून पोरांनी पाइपात डोकावून बघितलं, आणि भोपाळ परिसरात शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली, काहींची दृष्टी गेली. तिथं तातडीनं बंदी आली.

आमच्याकडे ती दुकानात दिसायची कमी झाली. शेतातल्या आखाड्यांवरच्या गोठ्यात मात्र आहे, कारण डुकरं काही कमी झाली नाहीत. शेतकऱ्याला ती टाकून दे म्हणणं मला जमणार नाही. मात्र कार्बाइडचा डबा गोठ्यात न ठेवता घरी न्यायचा आणि कपाटात कुलूप लावून ठेवायचा, एवढं गावातल्या दोघा-तिघांनी दिवाळीनंतर सुरू केलंय. पाइप तिथंच राहतो, लेकरं तो खांद्यावर घेऊन फिरतात आणि तोंडानं आवाज काढतात.